घुमणारा खर्ज आणि दिवाणखाना

मिरजेचा तंबोरा ही सांगली जिल्ह्याची जुनी ओळख होय. उस्ताद अब्दुल करीम खाँ यांचे वास्तव्य लाभलेल्या या नगरीच्या सतारी व तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. तेथील कारागीर भोपळा पारखून घेतो, जवारी साधतो आणि जोड व खर्ज यांचा तोल कानाने तपासतो. मात्र त्याच तंबोऱ्याच्या साथीचे गायन घरी स्टीरिओवर लावले की पुष्कळदा खर्जच तेवढा घुमत राहतो आणि गायकाचे शब्द त्यात बुडतात. घरातील वडीलधारी मंडळी आवाज वाढवावयास सांगतात, तर शेजारी कमी करावयास.

अशा वेळी दोष यंत्राला दिला जातो व नवे, अधिक महागडे स्पीकर घरात येतात. घुमारा मात्र जागच्या जागी राहतो. कारण तो बहुधा खोलीचा असतो.

ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर धावतो. समोरासमोरच्या दोन भिंतींतील अंतर ५ मीटर असेल, तर सेकंदाला सुमारे ३४ आणि ६९ कंपनांचे स्वर त्यांच्यामध्ये परावर्तित होऊन बळावतात. काळी एक पट्टीत जुळविलेल्या तंबोऱ्याच्या खर्जाचा मूलस्वरही सुमारे ६९ कंपनांचाच असतो! साताऱ्याच्या जुन्या पेठांतील घरांत लाकडी तक्तपोशी व फळ्या स्वतः किंचित कंप पावून असा नाद काहीसा शोषून घेत. काँक्रीटच्या नव्या सदनिकेत ती सोय उरलेली नाही.

म्हणून पैसा खर्च करण्यापूर्वी जागा बदलून पाहावी. कोपऱ्यात ठेवलेला स्पीकर घुमारा सर्वाधिक वाढवितो. तो कोपऱ्यातून काढून भिंतीपासून निदान अर्धा मीटर पुढे आणावा. पोकळ शोकेसवर ठेवला असेल, तर खाली जाड रबराचे तुकडे द्यावेत. बैठकही तितकीच महत्त्वाची. वर सांगितलेल्या ५ मीटरच्या खोलीत ६९ कंपनांचा स्वर मागच्या भिंतीलगत आणि खोलीच्या ऐन मध्यावर सर्वाधिक जाणवतो, तर भिंतीपासून सव्वा मीटरवर सर्वांत कमी. सोफा तेवढा पुढे ओढला, तरी फरक कानास कळतो.

त्यानंतर स्टीरिओवरील लाउडनेसचे बटण बंद करावे व बास थोडा उतरवावा. स्पीकरला हवेसाठी छिद्र असेल, तर त्यात स्पंजाचा सैलसर बोळा बसवून पाहावा.

गालिचा व पडदे यांवर मात्र भिस्त ठेवू नये. ६९ कंपनांच्या ध्वनिलहरीची लांबी सुमारे ५ मीटर भरते. बोटभर जाडीचा गालिचा तिला काय अडविणार? तो केवळ वरचे स्वर शोषतो आणि घुमारा उलट अधिकच उठून दिसतो. कोपऱ्यांत उभ्या केलेल्या कापसाच्या जाड गाद्या त्यापेक्षा उपयोगी ठरतात.

प्रत्येक बदलानंतर तेच गायन, तेवढ्याच आवाजात, पुन्हा ऐकावे. शब्द स्पष्ट उमटू लागले आणि आवाज वाढविण्याची मागणी थांबली, की नव्या स्पीकरचा खर्च वाचला असे खुशाल समजावे.