पॅकेज फ्लेक्सवरचं, हप्ता घरचा

सीईटीचे पर्सेंटाइल जाहीर झाले की नांदेड जिल्ह्यातल्या किनवटसारख्या तालुक्याच्या गावातही पुण्या-हैदराबादच्या खासगी विद्यापीठांच्या जाहिराती मोबाइलवर धडकू लागतात. सर्वोच्च पॅकेज इतक्या लाखांचं, जागा थोड्याच उरल्यात, आजच सीट बुक करा. घरात दोन तट पडतात. एकाच्या मते एवढी फी आहे म्हणजे नोकरीही तशीच लागणार. दुसऱ्याच्या मते खासगीची पदवी सरकारी नोकरीला चालतच नाही. दोघांचंही चुकतं.

पदवीचं आधी. विद्यापीठ अनुदान आयोग कायद्याच्या कलम 22 नुसार केंद्र किंवा राज्याच्या कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठाला, तसंच अभिमत विद्यापीठाला पदवी देता येते. अशा खासगी विद्यापीठाची पदवी एमपीएससीला, यूपीएससीलाही चालते. भीती वेगळ्याच गोष्टीची हवी. छत्तीसगडने 2002 मध्ये कायदा केला आणि त्याखाली शंभरावर खासगी विद्यापीठं उगवली, काही तर एखाद-दोन खोल्यांत. 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रा. यशपाल यांच्या याचिकेवर त्या कायद्यातल्या तरतुदी रद्द केल्या. आयोग बनावट विद्यापीठांची यादी प्रसिद्ध करतो आणि तीत नागपूरचंही एक नाव वर्षानुवर्षं आहे. यादी बघायला पाच मिनिटं लागतात.

खरा फटका बसतो तो 'मुलींना आता फी माफ आहे' या समजुतीमुळे. माफी आहे, पण सगळीकडे नाही. 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयाने ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण आणि परीक्षा शुल्कात पन्नासऐवजी शंभर टक्के सवलत मिळाली. कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत हवं आणि प्रवेश सरकारच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे कॅप राउंडमधूनच झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्याला ही सवलत नाही. त्याच निर्णयात खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं स्पष्ट शब्दांत वगळली आहेत. म्हणजे तीच मुलगी नांदेडला विष्णुपुरीच्या श्री गुरु गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी संस्थेत कॅपमधून गेली तर शिक्षण शुल्क शून्य, आणि पुण्याच्या खासगी विद्यापीठात गेली तर या योजनेतून छदामही नाही. काही जुन्या संलग्न संस्था अलीकडे खासगी विद्यापीठं झाल्या आहेत; त्यामुळे थोरल्या बहिणीला मिळालेली सवलत धाकटीला मिळेलच, असं धरून चालू नये. आदिवासी विद्यार्थ्यांच्या योजना निराळ्या. त्यांची चौकशी किनवटच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात आधी करावी, पैसे मागाहून भरावेत.

आता पॅकेज. दहा जणांपैकी नऊ जणांना 3.6 लाख आणि एकाला 40 लाख मिळाले, तर सरासरी निघते 7.24 लाख. फ्लेक्सवर 40 झळकतात, माहितीपत्रकात सात येतात, आणि आपल्या पोराच्या वाट्याला बहुधा 3.6. म्हणून मध्यक पाहायचा, म्हणजे सगळे पगार चढत्या क्रमाने लावले की मधोमध येणारा आकडा. केंद्राच्या एनआयआरएफ क्रमवारीत उतरलेल्या संस्थांना आपली माहिती संकेतस्थळावर ठेवावी लागते. तिथे प्रवेश किती, वेळेत उत्तीर्ण किती, नोकरी किती जणांना, पुढे शिकायला किती गेले, आणि नोकरी लागलेल्यांचा मध्यक पगार किती, असे रकाने असतात. आकडे संस्थेनेच भरलेले, हे खरं. तरी जाहिरातीपेक्षा बरे. मध्यक फक्त नोकरी लागलेल्यांचा असतो, त्यामुळे शेजारचा 'नोकरी किती जणांना' हा रकाना झाकून वाचला की फसगत ठरलेलीच.

मोठ्या आयटी कंपन्यांत नवख्या अभियंत्याचं पॅकेज गेली दहाएक वर्षं साडेतीन लाखांच्या आसपासच घुटमळतंय. पीएफ वगैरे वजा जाता हातात महिना पंचवीस-सव्वीस हजार. त्याच्यासमोर कर्ज मांडून पाहू. दर वर्षी अडीच लाख असे चार वर्षांत दहा लाख, व्याज दहा टक्के. 'शिकेपर्यंत हप्ता नाही' याचा अर्थ बरेच पालक 'व्याजही नाही' असा घेतात. व्याज पहिल्या रकमेपासून चालू असतं. शिक्षणाची चार वर्षं आणि नंतरचं एक, एवढ्यात ते सरळव्याजाने साडेतीन लाखांवर जातं. मग साडेतेरा लाखांचा दहा वर्षांचा हप्ता बसतो सुमारे 17,800 रुपये. उरलेल्या आठ हजारांत हिंजवडीत खोली, मेस आणि गावी पाठवायचे पैसे! साडेसात लाखांवरच्या कर्जाला बँका सहसा तारण मागतात, तेव्हा सातबारा बाहेर निघतो. केंद्राच्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत बिनतारणी कर्ज आहे, पण निवडक संस्थांसाठीच; 2024 मध्ये मंजुरीच्या वेळी त्या 860 होत्या.

मग संस्थेच्या नावाला काहीच अर्थ नाही का? अमेरिकेत स्टेसी डेल आणि अॅलन क्रूगर यांनी 2002 मध्ये दाखवलं, की नामांकित महाविद्यालयात प्रवेश मिळूनही दुसरीकडे गेलेले विद्यार्थी पुढे जवळपास तेवढंच कमावतात. पैसा मुलाच्या कुवतीला मिळतो, पाटीला कमी. अपवाद निघाला गरीब घरच्या मुलांचा. त्यांना चांगल्या संस्थेचा फायदा झाला. किनवटच्या पहिल्या पिढीच्या पदवीधराला हा अपवाद लागू पडू शकतो. मात्र त्या संस्था निवडून प्रवेश देणाऱ्या होत्या. फी भरेल त्याला जागा देणाऱ्या संस्थेला तो निष्कर्ष चिकटवता येत नाही.

खासगी विद्यापीठ परवडतं तेही काही वेळा: हवा तो अभ्यासक्रम जवळपास नसला, किंवा विद्यापीठाने स्वतःच मोठी शिष्यवृत्ती दिली तर. अशी शिष्यवृत्ती बऱ्याच ठिकाणी दर वर्षीच्या गुणांवर अवलंबून असते. दुसऱ्या वर्षी ती टिकवायला किती सीजीपीए लागतो आणि घसरला तर फी किती, हे प्रवेश घेण्याआधी लेखी मागून घ्यावं.