सूक्ष्म खटक्याची घाई

रेडिओलहरींच्या उपकरणांत संदेशाची वाट बदलण्याचे काम सध्या बहुतेक ठिकाणी अर्धवाहकी स्विचांकडे आहे, आणि ही चाकरी ते नॅनोसेकंदांत बजावतात. परंतु संदेशाचा काही अंश ते जकातीदाखल ठेवून घेतात, आणि वाट बंद असतानाही थोडे पाझरू देतात. धातूला धातू भिडणारा यांत्रिक खटका या दोषांतून पुष्कळसा मुक्त असतो. असा खटका सिलिकॉनच्या चकतीवर सूक्ष्म रूपात घडविता येतो, हे १९७९ साली आयबीएमच्या कर्ट पीटरसन यांनी दाखविले. तरी बाजारात त्याची पत बसण्यास तीन तपे लोटावी लागली.

खटक्याचा हलता भाग म्हणजे एक अधांतरी सूक्ष्म तुळई. दोष ती मोडण्याचा क्वचितच असतो; कसूर घडते ती संपर्काशी भेटीच्या क्षणी. खालच्या पट्टीला विद्युत्-दाब दिला, की तुळई वाकू लागते. मूळ अंतराचा एकतृतीयांश भाग ओलांडीपर्यंत तिचा ताठपणा विजेच्या ओढीशी तोल सांभाळतो, आणि पुढे मात्र ती एकाएकी खाली आदळते, उसळते व पुन्हा आदळते. या ठोक्यांनी संपर्कबिंदूंवरचे मऊ सोने ठेचले जाऊन परस्परांस चिकटते. तुळई आखूड व ताठ केली तर वेग वाढतो, आणि चिकटलेली जागा सोडवून परतण्याचे बळही येते. पण मग दाब वाढवावा लागतो, आणि दाबाबरोबर आघातही. ज्या प्रकारात मध्ये विद्युत्-रोधक थर असतो, तेथे दशांश मायक्रॉन जाडीवर ३० व्होल्ट म्हणजे दर सेंटिमीटरास तीस लाख व्होल्टांचा ताण. त्याने थरात विद्युत्-भार मुरून बसतो, आणि दाब काढून घेतल्यावरही तुळई कधीकधी सुटत नाही.

सोन्याऐवजी कठीण रुथेनियम योजावे, तर रोध वाढतो. हवाबंद कोशात ठेवावे, तर आत राहिलेली सेंद्रिय वाफ संपर्कावर किटण धरते. मला सर्वांत चतुर वाटते ती दाबाच्या वेळापत्रकाची तजवीज: आरंभी पुरता दाब देऊन तुळईस गती द्यावी, मग तो काढून घेऊन तिला स्वतःच्या जडत्वाने उरलेले अंतर काटू द्यावे, आणि ती जवळजवळ थबकत टेकली, की धरून ठेवण्यापुरताच दाब पुन्हा द्यावा. अडचण एवढीच, की एकाच चकतीवरच्या दोन तुळया तंतोतंत सारख्या निघत नाहीत, आणि एकीचे वेळापत्रक दुसरीस लागू पडत नाही.

२०१६ साली अ‍ॅनालॉग डिव्हायसेसने असा सूक्ष्म यांत्रिक स्विच चालक-परिपथासह एकाच कोशात विक्रीस आणला. १४ गिगाहर्ट्झपर्यंतच्या लहरी, एक अब्ज फेऱ्यांची हमी, आणि मिटण्यास ३० मायक्रोसेकंद. अर्धवाहकांपुढे हा वेग मंदच. म्हणून त्याचा पहिला शिरकाव झाला तो चाचणीयंत्रांत, मिलिसेकंद घेणाऱ्या जुन्या रिलेंच्या जागी.