एक पलंग, सात शेजारी: बुडापेस्टच्या हॉस्टेलात एकटीने

मागच्या भागात व्हिसाच्या कागदपत्रांबद्दल बोललो, आज राहण्याबद्दल बोलू. मी बुडापेस्टला एकटी गेले होते, अकरा दिवस, आणि सगळ्या रात्री हॉस्टेलात काढल्या, असं सांगितलं की बडोद्याच्या आमच्या सोसायटीत दोन प्रश्न ठरलेले. पहिला, "परक्या माणसांबरोबर एका खोलीत?" आणि दुसरा, जरा आवाज खाली करून, "या वयात?" माझं वय तेव्हा एक्कावन्न होतं. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. आजचा भाग त्यांच्यासाठीच.

हॉस्टेल म्हटलं की आपल्याला कॉलेजचं वसतिगृह आठवतं. ते चित्र आधी पुसून टाका. आपल्याकडची सगळ्यात जवळची गोष्ट म्हणजे धर्मशाळा. तिथे आपण खोली घेत नाही, पाठ टेकायला जागा घेतो. युरोपात ही कल्पना रिचर्ड शिर्मन नावाच्या एका जर्मन शाळामास्तरांची. 1909 साली मुलांना घेऊन पायी सहलीला निघाले असताना वादळात सापडले, आणि रात्र एका शाळेच्या इमारतीत काढावी लागली. सुट्टीत रिकाम्या पडणाऱ्या शाळा फिरस्त्या मुलांना झोपायला का देऊ नयेत, असं त्यांच्या मनात आलं. 1912 मध्ये आल्टेना गावच्या किल्ल्यात पहिलं कायमचं यूथ हॉस्टेल सुरू झालं. आपल्याकडे यूथ हॉस्टेल्स असोसिएशनबरोबर हिमालयात ट्रेकला गेलेली मंडळी घराघरात सापडतील. ते त्याच घराण्यातलं. आजची शहरातली हॉस्टेलं मात्र बहुतेक खाजगी धंदा आहेत, आणि काही ठिकाणी चाळीस-पंचेचाळीसच्या वर वय असेल तर सामायिक खोलीत घेत नाहीत. बुकिंग करण्याआधी ती ओळ वाचा. मी वाचली नव्हती. एक बुकिंग रद्द करावं लागलं आणि त्या संध्याकाळी मला उगाचच म्हातारं वाटलं.

आता पैसे. बुडापेस्टमध्ये सामायिक खोलीतला एक पलंग साधारण पंधरा ते पंचवीस युरोला मिळतो. शनिवार-रविवारी महाग. ऑगस्टमध्ये सिगेत नावाचा मोठा संगीत महोत्सव असतो, तेव्हा तर विचारूच नका. खोलीत जितके पलंग जास्त तितका भाव कमी. मी आठ पलंगांची, फक्त बायकांची खोली घेतली. चादर-उशी बहुतेक ठिकाणी भाड्यात येते, टॉवेल येत नाही, आणि लॉकर असला तरी कुलूप आपलं आपण न्यायचं. घरच्या कपाटाचं छोटं कुलूप पुरतं. पासपोर्ट, एक कार्ड आणि विम्याचा कागद मी झोपतानाही पोटाशी बांधत होते. ते जरा जास्तच झालं, पण झोप तरी लागली.

पण खरी बचत पलंगात नसते. ती स्वयंपाकघरात असते. दोन वेळा बाहेर जेवलं की हॉस्टेलच्या भाड्याइतकेच पैसे जातात. हॉस्टेलात शेगडी, भांडी, फ्रिज असतो. आपल्या पिशवीवर नाव आणि जाण्याची तारीख लिहायची, हा तिथला शिष्टाचार. तारीख उलटली की ती पिशवी सगळ्यांची. एका फळीवर लोक जाताना उरलेलं ठेवून जातात, अर्धी शेवयांची पुडी, मीठ, तेल, चहा. पहिल्या संध्याकाळी आधी ती फळी बघा, मग दुकानात जा.

दुकानात मसूर मिळतात. त्यांना हंगेरीत लेंचे म्हणतात, आणि तांदूळ तर आहेतच. दही समजून मी एक मोठा डबा आणला, त्यावर तेयफोल असं लिहिलं होतं. ते निघालं आंबट साय. खिचडीवर घातली. वाईट लागली नाही. बाहेर खायचं झालं तर फोझेलेक विचारा. पालक, वाटाणा किंवा मसुराची घट्ट भाजी असते, आपल्या गोळा भाजीची लांबची बहीण. तिच्यावर न सांगता अंडं किंवा मांस ठेवतात, आणि कधी डुकराच्या चरबीत केलेली असते. शाकाहाऱ्यांनी दोन्ही गोष्टी विचारून घ्याव्यात. घरून काय न्यायचं? मेतकूट, भाजणी, कोरडा चिवडा. पेढे, बर्फी, तूप नाही. युरोपीय संघाबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानातून न्यायला बंदी आहे. ताजी फळं आणि कढीपत्त्याच्या काड्याही घरीच ठेवा.

आणि फोडणी! हे कुठल्याही प्रवासाच्या पुस्तकात लिहिलेलं नाही, म्हणून मी सांगते. हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात छताला धुराचा अलार्म असतो. मोहरी तडतडली, लाल मिरची पडली, आणि चार मजल्यांची माणसं चपला घालून अंगणात. रिसेप्शनवरचा मुलगा रागावला नाही, पण तेव्हापासून माझी मोहरी मंद आचेवर, खिडकी उघडी ठेवून.

राहायचं कुठे, यावर जरा थांबते, कारण इथे चूक झाली की अकरा रात्रींची चूक होते. स्वस्त हॉस्टेलं सगळ्यात जास्त सातव्या वॉर्डात आहेत. हा पेश्तमधला जुना ज्यू मोहल्ला. 1859 सालचं दोहान्य रस्त्यावरचं सिनेगॉग इथे आहे, युरोपातलं सगळ्यात मोठं. 1944 मध्ये याच गल्ल्यांत ज्यूंना कोंडलं होतं. युद्धानंतर पडझड झालेले वाडे वर्षानुवर्षं तसेच राहिले, आणि या शतकाच्या सुरुवातीला तरुण मंडळींनी त्यांच्या अंगणात मोडक्या खुर्च्या टाकून बार सुरू केले. आज जगभरचे लोक त्यासाठीच येतात. वर राहणाऱ्या म्हाताऱ्यांना मात्र पहाटेपर्यंत झोप नाही. रात्री बार बंद करावेत का, यावर 2018 मध्ये वॉर्डात मतदानही घेतलं, पण पुरेसे लोक आले नाहीत आणि ते फुकट गेलं. आपण स्वस्तात राहतो, त्याचा काही भाग कुणीतरी दुसरा भरत असतो, हे त्या गल्लीत रात्री दोन वाजता ऐकू येतं. मला विचाराल तर आठव्या किंवा नवव्या वॉर्डात राहा, किंवा नदीपलीकडे बुडाला. 4 आणि 6 नंबरच्या ट्राम मोठ्या वळणरस्त्याने शहर जोडतात, आणि 6 नंबर रात्रभर धावते.

ट्रामवरून दोन गोष्टी पटकन. तिकीट नुसतं घेऊन चालत नाही, यंत्रात घालून शिक्का मारावा लागतो, नाहीतर ते तिकीटच नाही. मेट्रोच्या तोंडाशी तपासनीस उभे असतात. विमानतळावरून थेट शहरात येणाऱ्या 100ई बसला वेगळं, महागडं तिकीट लागतं. 200ई साध्या तिकिटावर मेट्रोपर्यंत सोडते. दुसरं, तिथे युरो नाही, फोरिंट चालतो. हजार फोरिंट म्हणजे अंदाजे अडीचशे रुपये धरा. पैसे काढताना यंत्र विचारतं, "रुपयांत हिशेब करू का?" ऐकायला सोयीचं वाटतं. नाही म्हणा. त्यांचा दर आपल्या बँकेच्या दरापेक्षा वाईट असतो. मी पहिल्या दिवशी हो म्हटलं, आणि दोन दिवसांचं जेवण त्या बटणात गेलं.

फिरण्याचा खर्च म्हणाल तर या शहरातलं सगळ्यात चांगलं फुकट आहे. 2 नंबरची ट्राम डॅन्यूबच्या काठाने जाते, ती तिकिटापुरती. संसदेजवळ काठावर लोखंडी बुटांचे साठ जोड आहेत. 1944-45 च्या हिवाळ्यात ज्यूंना बूट काढायला लावून नदीकाठी गोळ्या घातल्या, त्यांची आठवण. एक जोड लहान मुलाचा आहे. तिथे एकटं असणं बरं वाटलं, कारण कुणाशी काही बोलावं लागलं नाही. गरम पाण्याच्या स्नानगृहांना पैसे पडतात, एकदा जाऊन या. आणि हो, आपली अमृता शेरगिल या शहरात जन्मली, 1913 मध्ये. हंगेरियन भाषाही परकी वाटेल, पण तिच्यात आपल्यासारखे प्रत्यय शब्दाच्या मागे लागतात. "बुदापेश्तला", "बुदापेश्तहून" हे त्यांच्याकडेही एकाच शब्दात. त्यांचा एस म्हणजे श, म्हणून खरा उच्चार बुदापेश्त.

आता पहिला प्रश्न, परक्या माणसांचा.

आठ पलंगांच्या खोलीत नियम फार थोडे असतात, आणि सगळे झोपेचे. पहाटेची गाडी असेल तर सामान रात्रीच भरायचं. प्लास्टिकच्या पिशव्या नकोत, त्यांचा आवाज सगळ्यात वाईट. दिवा लावायचा नाही, मोबाइलचा उजेड खाली धरायचा. घरी फोन खोलीबाहेर जाऊन करायचा. आपण मोठ्याने बोलतो मंडळी, हे तिथे कळतं. खालचा पलंग मिळाला तर घ्या, गुडघे दुवा देतील. गादीच्या शिवणी एकदा बघून घ्या, ढेकूण फक्त आपल्याकडेच असतात असं नाही. मोबाइलच्या चार्जरची आपली बारीक दोन पायांची पिन तिथे चालते, तीन पायांची नाही.

पहिल्या रात्री मी कुणाशीच बोलले नाही. पडद्याआड पडून राहिले, आणि हे काय करून बसलो असं वाटून रडू आलं, ते उशीत दाबलं. दुसऱ्या दिवशी वरच्या पलंगावरच्या ब्राझीलच्या मुलीने नाव विचारलं. मी नाव सांगितलं, किती दिवस आहे ते सांगितलं, खिचडी खाणार का विचारलं. एवढंच. पाचव्या दिवशी मला ताप आला. सकाळी सगळ्या बाहेर पडल्या, मी पडून. दुपारी ती परत आली, कारण तिच्या म्हणण्याप्रमाणे मी रोज सात वाजता भांडी वाजवते आणि आज आवाज आला नव्हता. तिने हिरव्या फुलीचं औषधाचं दुकान शोधून गोळ्या आणल्या. रिसेप्शनवरच्या मुलाने विम्याच्या नंबरवर फोन लावून दिला. शेंगेन व्हिसासाठी निदान तीस हजार युरोचा विमा काढावाच लागतो, पण तो नंबर ताप चढलेला असताना मोबाइलमध्ये शोधणं जमत नाही. कागदावर लिहून ठेवा, आणि तो कागद कुठे आहे ते खोलीतल्या एकीला सांगा. डॉक्टरांची गरज पडली नाही. दोन दिवसांत उठले.

मी बंद खोलीच्या हॉटेलात असते तर दारावर "त्रास देऊ नका"ची पाटी लावून दोन दिवस पडून राहिले असते, आणि कुणाला कळलंही नसतं. म्हणून हॉस्टेलात पोचल्यावर पहिलं काम सांगते. शेजारणीला नाव सांगा. वय तिथे कुणी विचारत नाही, आणि विचारलं तर सांगून टाका.

निघायच्या आदल्या रात्री उरलेलं मेतकूट त्या फळीवर ठेवलं. डब्यावर इंग्रजीत काय लिहावं ते सुचेना. डाळींची पूड लिहिलं तर कुणी शिजवायला जाईल. शेवटी लिहिलं, "गरम भातावर घाला, शिजवू नका." खाली तूप लिहिलं होतं, ते खोडून तेयफोल केलं.