फॉर्म भरला, म्हणजे देहदान झालं?

20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची गोळ्या झाडून हत्या झाली. आपला देह वैद्यकीय महाविद्यालयाला द्यावा, असं त्यांनी आधीच ठरवून ठेवलं होतं. पण खुनाच्या प्रकरणात शवविच्छेदन चुकत नाही आणि शवविच्छेदन झालेला देह शिकवण्याच्या कामी येत नाही. अखेर साताऱ्यात, कोणताही धार्मिक विधी न करता, त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले.

शवविच्छेदन झालेला देह का चालत नाही, ते महाविद्यालयाच्या ॲनाटॉमी (शरीररचना) विभागात देह आल्यावर सगळ्यात आधी काय करतात ते पाहिलं की कळतं. जांघेतली किंवा मानेतली मोठी धमनी उघडून तिच्यातून फॉर्मलिन आणि इतर रसायनांचं कित्येक लिटर मिश्रण सावकाश आत सोडलं जातं. जिथे जिथे रक्त पोचत होतं, तिथवर ते जातं आणि देह टिकतो. शवविच्छेदनात छाती, पोट, कवटी उघडलेली असते, रक्तवाहिन्या कापलेल्या असतात. त्यामुळे मिश्रण पुढे न सरकता वाटेतच गळतं. शिवाय विद्यार्थ्यांनी जे पाहायचं, तेही जागेवर राहिलेलं नसतं. अपघात, आत्महत्या, संशयास्पद मृत्यू अशा पोलिसी प्रकरणांत म्हणूनच देहदान होत नाही.

देहदानाबद्दल आपल्याकडे आदर पुष्कळ आहे. माहिती मात्र बरीचशी ऐकीव.

गैरसमज : फॉर्म भरला की काम झालं

संमतिपत्र ही इच्छेची नोंद असते. त्यावर साक्षीदारांच्या आणि जवळच्या नातेवाइकांच्या सह्या घेतात, त्या यासाठी की मृत्यूनंतर देह वारसांच्या ताब्यात असतो आणि तो द्यायचा की नाही हे प्रत्यक्षात तेच ठरवतात. घरच्यांनी नकार दिला तर महाविद्यालय फॉर्म दाखवून देह मागायला येत नाही. उलट, फॉर्म भरलेला नसला तरी वारसांचं एकमत असेल तर देहदान होऊ शकतं. कपाटात जपून ठेवलेल्या फॉर्मपेक्षा मुलांशी, सुनांशी, भावंडांशी झालेलं स्पष्ट बोलणं जास्त उपयोगी पडतं ते यामुळेच.

गैरसमज : देहदान आणि अवयवदान एकच

हृदय, यकृत, मूत्रपिंडं यांचं मरणोत्तर दान मुख्यतः मेंदूमृत रुग्णाचं, रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागातच होतं. त्यासाठी 1994 चा वेगळा कायदा आहे. घरी, वृद्धापकाळाने मृत्यू आला तर हे अवयव प्रत्यारोपणाला वापरता येत नाहीत. तिथे देहदानाचा मार्ग मोकळा असतो. अवयव काढलेला देह मात्र महाविद्यालयं सहसा घेत नाहीत, कारण तेच : मिश्रण वाटेतच गळतं.

अपवाद डोळ्यांचा. नेत्रदान करून देहदानही करता येतं. नेत्रपेढीचे लोक मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत पोचायला हवेत. तोवर मृताच्या पापण्या मिटून त्यांवर ओला कापूस ठेवायचा आणि खोलीतला पंखा बंद करायचा.

गैरसमज : म्हाताऱ्या, आजारी शरीराचा काय उपयोग?

वयाला वरची मर्यादा नाही. नव्वदीतल्या माणसाच्या हातातही तेच स्नायू, त्याच नसा असतात. मधुमेह, रक्तदाब, जुनी ऑपरेशनं यांचीही बहुधा अडचण येत नाही.

नकार मिळतो तो वेगळ्या कारणांनी. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी किंवा सी, क्षयरोग, रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग, गँगरीन, अंथरुणाला खिळल्यामुळे झालेल्या आणि चिघळलेल्या जखमा, कुजायला लागलेला देह. देह हाताळणाऱ्या कर्मचाऱ्यांना आणि विद्यार्थ्यांना संसर्ग होऊ नये, ही त्यामागची काळजी. अशा वेळी घरच्यांना वाईट वाटतं. पण हा मृताचा अपमान नव्हे.

गैरसमज : हे नास्तिकांचं काम, श्रद्धाळूंना गती मिळत नाही

2010 च्या सुरुवातीला दीड महिन्याच्या अंतराने दोन मोठे नेते गेले. 17 जानेवारीला कम्युनिस्ट ज्योती बसू. त्यांचा देह कोलकात्याच्या एसएसकेएम रुग्णालयाला देण्यात आला. 27 फेब्रुवारीला मूळचे हिंगोली जिल्ह्यातल्या कडोळीचे, राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे नानाजी देशमुख चित्रकूटला गेले. त्यांचा देह दिल्लीच्या एम्सकडे सोपवण्यात आला. विचारांनी दोन टोकांवरच्या या दोघांनी शेवटचा निर्णय मात्र एकच घेतला. अंत्यदर्शन, पूजा, प्रार्थना हे सगळं देह सोपवण्याआधी करता येतं; नंतरचं दिवसकार्यही घरी करायला कोणाची आडकाठी नसते.

गैरसमज : संगणक असताना देह कशाला?

पडद्यावरचं शरीर बहुतेक वेळा पुस्तकाबरहुकूम असतं. माणसं तशी नसतात. दंडातली मुख्य धमनी बहुतेकांत कोपराशी दुभंगते, काहींत पार वर, काखेजवळ. पित्ताशयाच्या धमनीची वाट माणसागणिक बदलते आणि ऑपरेशन करताना ते ठाऊक नसेल तर रक्तस्राव होतो. विच्छेदनाच्या टेबलाभोवती दहा-पंधरा विद्यार्थी असतात. शेजारच्या टेबलावर वेगळं काही सापडलं की सगळा वर्ग तिकडे गोळा होतो. हे वेगळेपण हाताला कळतं ते तिथेच.

विटंबनेची भीतीही बहुतांशी कल्पनेतली. पहिल्या दिवशी विद्यार्थ्यांकडून देहाचा मान राखण्याची शपथ घेण्याची पद्धत आता रूढ होते आहे. अभ्यास संपल्यावर अवशेषांची विल्हेवाट महाविद्यालय लावतं. हाडं बऱ्याचदा शिकवण्यासाठी ठेवली जातात. अस्थिविसर्जन करायचं असेल तर हे घरच्यांनी आधीच लक्षात घ्यावं.

पैशांबद्दलही कुजबुज असते. देहाचे पैसे कोणी देत नाही आणि कोणी घेतही नाही. शववाहिकेचा खर्च कोणाचा, एवढंच त्या त्या महाविद्यालयाला विचारून ठेवायचं.

खरी धावपळ मृत्यूनंतरच्या काही तासांत होते. घरी मृत्यू झाला तर मृत्यूचं कारण लिहून देणारा नोंदणीकृत डॉक्टर लागतो, आणि रात्री दोन वाजता तो मिळेलच असं नाही. नेहमीच्या डॉक्टरांना आधीच सांगून ठेवलं, ॲनाटॉमी विभागाचा आणि नेत्रपेढीचा नंबर घरात सगळ्यांना दिसेल असा लावला, मृत व्यक्तीचं आणि वारसाचं ओळखपत्र हाताशी ठेवलं, की बरंच काम हलकं होतं. परदेशातून येणाऱ्या मुलासाठी दोन दिवस थांबायचं असेल तर देह शीतगृहात ठेवून आधी महाविद्यालयाशी बोलावं. देह स्वीकारल्यावर महाविद्यालय तसं पत्र देतं. पालिकेत किंवा ग्रामपंचायतीत मृत्यूची नोंद करताना स्मशानाच्या पावतीऐवजी तेच दाखवायचं. नोंदणीची मुदत 21 दिवसांची असते.