सुरांत मुरलेला कान आणि परभाषेचा ध्वनी

मनुष्याची जीभ नेहमी कानाच्या मागून चालते. जो ध्वनी कानाला वेगळा म्हणून जाणवत नाही, तो जिभेला वेगळा उच्चारता येत नाही. परभाषा शिकताना मोठमोठे विद्वानही अडखळतात, ते पुष्कळदा बुद्धी उणी पडते म्हणून नव्हे, तर कान अगोदरच मातृभाषेच्या साच्यात घट्ट बसलेला असतो म्हणून.

दुबई शहराच्या मध्यभागापासून दूर, अल ऐनकडे जाणाऱ्या रस्त्यालगत दुबई सिलिकॉन ओएसिस ही वसाहत आहे. सुमारे 7.2 चौरस किलोमीटरच्या या भूमीवर यंत्रविद्येच्या कंपन्या, शाळा, एक अमेरिकन तंत्रविद्यापीठ आणि नाना देशांच्या कुटुंबांची घरे शेजारी शेजारी नांदतात. येथे वाढणाऱ्या मराठी मुलाच्या कानावर घरी मराठी, अंगणात हिंदी व मल्याळम, वर्गात इंग्रजी आणि अरबी पडते. अमिरातींतील खासगी शाळांतही अरबी हा सक्तीचा विषय असल्यामुळे या मुलांची खरी कसोटी तेथेच लागते.

ही कसोटी कशी असते, ते दोनतीन शब्दांवरून ध्यानात येईल. अरबीत ‘कल्ब’ म्हणजे कुत्रा. परंतु तोच ‘क’ जिभेच्या मुळाशी, पडजिभेजवळ उच्चारला की ‘क़ल्ब’ म्हणजे हृदय होते. साध्या ‘त’चा ‘तीन’ म्हणजे अंजीर, तर घसा आवळून काढलेल्या जड ‘त’चा ‘तीन’ म्हणजे चिखल. मराठी कानाला दोन्ही ‘त’ एकच वाटतात. तथापि जड व्यंजनाच्या शेजारी स्वराचा रंग गडद होतो, आणि हा रंग ओळखणे गायनाची सवय असलेल्या कानाला सोपे जाण्याचा संभव असतो. तीच गोष्ट मात्रांची. ‘दरस’ म्हणजे तो शिकला आणि ‘दर्रस’ म्हणजे त्याने शिकविले. अंतर केवळ व्यंजन किती काळ धरून ठेवले एवढेच. ज्याने तबल्याबरोबर टाळी देत मात्रा मोजल्या आहेत, त्याला काळाचे असे सूक्ष्म भेद अपरिचित नसतात.

मराठी भूमीत याचे ठळक उदाहरण लता मंगेशकर यांचे आहे. 1942 साली पिता मास्टर दीनानाथ निवर्तले, तेव्हा त्या अवघ्या बारा वर्षांच्या होत्या. परंतु सुरांचे शिक्षण बालपणीच त्यांच्या पदरी पडले होते. पुढे मुंबईत, त्या नवख्या असताना, अभिनेते दिलीपकुमार यांनी मराठी गायिकेच्या उर्दूला वरणभाताचा वास येतो, अशा आशयाची शंका बोलून दाखविली. लताबाईंनी ती जिव्हारी लावून घेतली खरी, परंतु रुसून न बसता एका मौलवींकडे उर्दूचे धडे सुरू केले. ‘क़’, ‘ख़’, ‘ग़’, ‘ज़’ हे उच्चार त्यांनी असे साधले की पुढे गालिबच्या गझलाही त्यांच्या कंठातून शोभल्या. येथे एक गोष्ट विसरता कामा नये. केवळ गोड गळ्याने उर्दू आली नाही. तयार कानाला शिक्षकाची जोड मिळाली, तेव्हाच ती आली.

आधुनिक शास्त्रज्ञांनीही या विषयाचा कसोशीने शोध घेतला आहे. कॅनडातील जॅनेट वर्कर व रिचर्ड टीस यांनी 1984 साली दाखविले की, इंग्रजीभाषी घरांतील सहाआठ महिन्यांच्या बालकांना हिंदीतील ‘त’ आणि ‘ट’ यांतील भेद कळतो. परंतु वर्ष भरत येते तसतशी ही शक्ती ओसरते. 2007 साली अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात चिनी भाषेचा गंध नसलेल्या लोकांना एकच चिनी अक्षर निरनिराळ्या स्वरांत ऐकविले गेले. तेव्हा वाद्य शिकलेल्यांच्या मेंदूने त्या स्वरांचे चढउतार इतरांपेक्षा अधिक नेमके टिपल्याचे आढळले. अमेरिकेत राहणाऱ्या 50 जपानी प्रौढांच्या 2006 सालच्या अभ्यासात, ज्यांची संगीताची जाण चांगली त्यांचे इंग्रजी उच्चार व ते ऐकण्याची क्षमता सरस ठरली. परंतु व्याकरण वा शब्दसंग्रह यांवर त्या जाणिवेचा प्रभाव दिसला नाही. संगीत कानाचे दार उघडते; आतले धान्य मात्र ज्याचे त्यानेच भरावे लागते. शिवाय मुळात चांगला कान असलेलेच संगीताकडे वळतात की संगीताने कान घडतो, हा वाद अद्याप पुरता मिटलेला नाही. बहुधा दोन्हींत तथ्य असावे.

हा विषय मॉरिशसमधील मराठी समाजाला परका नाही. 1834 नंतर करारावर गेलेल्या मजुरांपाठोपाठ कोकणातील माणसेही त्या बेटावर उतरली. उसाच्या मळ्यात दिवसभर क्रिओल ऐकावी लागे. पिढ्या उलटल्या आणि क्रिओल घरातही शिरली. फ्रेंचमधला ‘श’ क्रिओलमध्ये ‘स’ झाला आहे. ‘ळ’ आणि ‘ठ’ तर तिच्यात नाहीतच. अशा घरातल्या बालकाला ‘काळ’ आणि ‘काल’, ‘पाठ’ आणि ‘पाट’, ‘शाल’ आणि ‘साल’ यांतील भेद परभाषेइतकाच अवघड वाटावा, यात त्याचा दोष नाही. पूर्वजांची भाषाच त्याच्या कानाला परकी होऊन बसली आहे.

तरीही हे ध्वनी सर्वस्वी लोपले नाहीत, यामागे गाण्याचा मोठा हात आहे. गणेशोत्सवातील झाकरी, रात्रीचे गोंधळ आणि भजने यांतून शब्द चालीला बांधलेले राहिले. बोलताना गळून पडणारे अक्षर गाताना ताल सांभाळण्यासाठी उच्चारावेच लागते. अर्थ विसरलेल्या आजीच्या ओठांवरही म्हणून ‘ळ’ टिकून राहतो. परंतु तेच पद रोमन लिपीतील कागदावरून, गुरूवाचून पाठ केले, तर एका पिढीत ‘ळ’चा ‘ल’ होतो, आणि गेलेला ध्वनी परत आणणे कठीण असते.

यास्तव सिलिकॉन ओएसिसमधील अरबीचा वर्ग असो वा मॉरिशसमधील मराठीचा, मुलाच्या हाती पुस्तकाबरोबर पेटी आणि टाळ द्यावेत. आणि समोर जिवंत माणूस असावा. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या पॅट्रिशिया कूल यांना 2003 साली हेच आढळले: नऊ महिन्यांच्या अमेरिकन बालकांनी चिनी ध्वनी प्रत्यक्ष खेळणाऱ्या बोलणाऱ्या माणसाकडून उचलले, चित्रफितीपासून मात्र नाही. मळ्यावरच्या झोपडीत नातवाला मांडीवर घेऊन गाणाऱ्या आजीला ही विद्या कोणी शिकविली नव्हती. तिच्या मांडीवरच ती शाळा भरत होती. ती मांडी आणि ते गाणे जोवर घराघरांत आहे, तोवर नातवाचा कान पूर्वजांच्या भाषेला पारखा होणार नाही.