हेड न उतरवता बदला ट्रॅक्टरची व्हॉल्व्ह स्प्रिंग

ऐन पेरणीत ट्रॅक्टर दोन-चार दिवस उभा राहिला तर वाफसा निघून जातो. व्हॉल्व्ह स्प्रिंग तुटणे हे अशा खोळंब्याचे एक कारण आहे. स्प्रिंग स्वस्त असते. पण तिच्यासाठी हेड उतरवले की गॅस्केट, मजुरी आणि वेळ हा सर्व खर्च अंगावर येतो. बऱ्याच डिझेल इंजिनांत हे काम हेड जागेवर ठेवूनही करता येते. पाना चालवण्याची सवय असलेल्या शेतकरी बंधूंना उपयोगी पडावी म्हणून ही पद्धत येथे देत आहोत.

स्प्रिंग का तुटते?

इंजिन मिनिटाला २००० फेरे फिरत असेल तर प्रत्येक व्हॉल्व्ह मिनिटाला १००० वेळा उघडतो. म्हणजे ५०० तासांच्या कामात स्प्रिंग ३ कोटी वेळा दबते. पावसाळ्यात इंजिन बरेच दिवस बंद राहिले तर आतील दमटपणामुळे स्प्रिंगवर गंजाचे ठिपके पडतात व तेथूनच तडा जातो. इंजिन वारंवार तापल्याने स्प्रिंगचा ताण कमी होतो.

लक्षणे

टॅपेट कव्हरखाली खटखट आवाज येतो, इंजिन मिसिंग करते, धूर वाढतो आणि ओढ कमी होते. टॅपेट कव्हर काढल्यावर तुटलेली स्प्रिंग बहुधा डोळ्यांनीच दिसते. असा आवाज येत असताना इंजिन चालवू नये. व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून वाकतो आणि मग हेड उतरवावेच लागते.

मागच्या सिलिंडरची अडचण

पुढच्या सिलिंडरपर्यंत हात सहज पोहोचतो. शेवटचा सिलिंडर मात्र अनेक ट्रॅक्टरमध्ये डिझेल टाकी व डॅशबोर्डच्या खाली येतो. तेथे अंदाजाने काम करू नये. डिझेल कॉक बंद करून व नळ्या सोडवून टाकी काढून घ्यावी. नेहमीचा स्प्रिंग दाबण्याचा शिकंजा हेड जागेवर असताना लागत नाही. त्याऐवजी जाड लोखंडी पट्टीची तरफ गावातील वेल्डरकडून करून घ्यावी. तिचे एक टोक रॉकरच्या स्टडवरील नटाखाली अडकते, मधला भाग स्प्रिंगच्या टोपीवर बसतो आणि त्यातील खिडकीतून लॉक काढता येतात.

कामाचा क्रम

१) इंजिन थंड होऊ द्यावे. बॅटरीची वायर सोडावी. परिसर धुऊन-पुसून घ्यावा.

२) रॉकर शाफ्टचे नट थोडे थोडे, सारखे सैल करून शाफ्ट काढावा. पुश रॉड ओळीने ठेवावेत. काही इंजिनांत रॉकरचे बोल्टच हेडही धरून ठेवतात. तुमच्या इंजिनात तसे असेल तर हे काम मेकॅनिककडेच द्यावे.

३) पुश रॉडची व ऑईल उतरण्याची भोके स्वच्छ फडक्याने बंद करावीत. फडकी मोजून ठेवावीत. एक लॉक आत पडला तर ऑईल चेंबर उघडावे लागते.

४) इंजिन हाताने फिरवून त्या सिलिंडरचा पिस्टन सर्वात वर आणावा. चार सिलिंडरच्या इंजिनात १ व ४ आणि २ व ३ एकाच वेळी वर येतात. तीन सिलिंडरच्या इंजिनात प्रत्येकाचा पिस्टन वेगळा वर आणावा लागतो.

५) आता सर्वात महत्त्वाची तपासणी. लॉक न काढता टोपी तरफेने हळूच दाबावी. एक-दोन मिलिमीटर खाली जाऊन व्हॉल्व्ह पिस्टनवर टेकला पाहिजे. तो आणखी खाली जात असेल तर पिस्टन वर नाही. तरफ सोडून इंजिन थोडे फिरवावे व पुन्हा पाहावे. व्हॉल्व्ह टेकत नसेल तर लॉक काढू नयेत. व्हॉल्व्ह सिलिंडरमध्ये पडेल.

६) ट्रॅक्टर गिअरमध्ये टाकून ब्रेक लावावा, म्हणजे इंजिन फिरणार नाही. टोपी दाबून दोन्ही लॉक चुंबकाने उचलावेत.

७) स्प्रिंग काढल्यावर व्हॉल्व्ह बोटांनी फिरवून पाहावा. तो मोकळा फिरला पाहिजे. अडकत असेल तर वाकलेला आहे; येथेच थांबून हेड उतरवावे. तुटलेले तुकडे जुळवून एखादा तुकडा आत राहिला नाही याची खात्री करावी.

८) आतली व बाहेरची अशा दोन स्प्रिंगा असतील तर दोन्ही बदलाव्यात. स्प्रिंगचे वेढे एका टोकाला जवळ असतील तर ते टोक हेडकडे ठेवावे. लॉकला ग्रीस लावल्यास ते जागेवर चिकटून राहतात.

९) गिअर काढून पिस्टन खाली घ्यावा. व्हॉल्व्हच्या टोकावर लाकडी हातोडीने हलकेच ठोकून लॉक बसल्याची खात्री करावी.

१०) फडकी मोजून काढावीत. रॉकर बसवून माहितीपुस्तिकेप्रमाणे टॅपेट लावावेत. इंजिन हाताने पूर्ण दोन फेरे फिरवावे व नंतरच चालू करावे.

पेट्रोल इंजिनात ही पद्धत सरसकट चालत नाही, कारण पिस्टन वर असला तरी व्हॉल्व्ह बराच खाली जाऊ शकतो.

टाकी काढण्याचा कंटाळा आणि पिस्टन तपासण्याची घाई या दोन गोष्टी टाळल्या तर एक स्प्रिंग साऱ्या हंगामाला भारी पडत नाही.