पेढी आणि तंबोरा

तीन वर्षांपूर्वीच्या कोजागिरीस आमच्या गावच्या संगीत मंडळाचा वार्षिक जलसा झाला. गाणे उत्तम झाले. परंतु निम्म्या श्रोत्यांस गवयाचे मुख दिसले नाही. जलशाचा खर्च सोसणाऱ्या गृहस्थांनी आपल्या घरबांधणीच्या धंद्याचा फलक बैठकीच्या मागे न लावता पुढे लावावा असा आग्रह धरला, आणि पन्नास हजार रुपये अगोदरच हाती पडलेले असल्यामुळे आमच्या चिटणिसांस नाही म्हणवेना. फलक बुवांच्या हनुवटीपर्यंत येत होता. आमच्या शेजारच्या एक आजीबाई मध्यंतरात म्हणाल्या, "मास्तर, गाणं छान चाललंय, पण गातंय कोण, त्या घरांचे नकाशे?"

हसू आले खरे. परंतु पुढील हकीकत हसण्याजोगी नाही. ते पन्नास हजार बुवांची बिदागी, मंडप, ध्वनिक्षेपक आणि मसाला दूध यांत एका रात्रीत संपले. मंडळाचा जो खरा संसार, म्हणजे आठवड्यातून दोनदा भरणारा मुलांचा वर्ग, त्याच्या वाट्यास एक रुपयाही आला नाही. मार्गशीर्षापासून खोलीचे भाडे थकले. तबला शिकविणाऱ्या तरुणास तीन महिने वेतन मिळाले नाही. होळीनंतर तो बिचारा पुण्यास एका कारखान्यात नोकरीस लागला. पिठाच्या गिरणीवाल्याची दहा वर्षांची मुलगी एके सायंकाळी आमच्या घरी येऊन विचारू लागली, "मास्तर, माझा कायदा अर्धा राहिलाय. तबला पुन्हा कधी सुरू होणार?" पस्तीस वर्षे व्याकरण शिकविताना मुलांच्या प्रश्नास उत्तर नाही असे आम्हांस क्वचितच झाले. त्या दिवशी मात्र झाले.

तेव्हापासून धंदेवाईक मंडळी आणि कलासंस्था यांचा संबंध कसा असावा, या प्रश्नाचा आम्ही थोडा विचार करीत आहो. वाचकांपैकी कित्येकांच्या घरी दुकान, कारखाना, निदान वैद्यकीचा वा वकिलीचा व्यवसाय असेल, म्हणून तो येथे मांडतो.

आपल्या शास्त्रकारांनी दान आणि क्रय यांत स्पष्ट भेद केला आहे. आपले स्वत्व सोडून त्या ठिकाणी दुसऱ्याचे स्वत्व उत्पन्न करणे ते दान; मोल देऊन वस्तू घेणे तो क्रय. फलक लावण्याकरिता दिलेले पैसे हा क्रय होय. त्यात लाजिरवाणे काही नाही. व्यापाऱ्याने जाहिरात करू नये असे कोण म्हणेल? परंतु क्रयास दान म्हणून मिरवू नये, आणि मंडळानेही काय विकले व काय राखले हे अगोदर ठरवावे. आमच्या चिटणिसांनी गवयाचे मुख विकले, हीच चूक.

पूर्वी हा प्रश्न नव्हता, कारण राजे होते. १८४३ साली विष्णुदास भावे यांनी सांगलीस 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणले ते चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने. पुढे कुरुंदवाडचे विष्णु दिगंबर पलुस्कर मिरज संस्थानच्या आश्रयाने गाणे शिकले. परंतु १८९६ साली तो आश्रय सोडून बाहेर पडले आणि १९०१ साली लाहोरास त्यांनी लोकांच्या पैशावर गांधर्व महाविद्यालय काढले. विद्या राजवाड्यातून रस्त्यावर आली, हा त्या पुरुषाचा मोठा पराक्रम. मात्र त्याचा उत्तरभाग फारसा कोणी सांगत नाही. १९०८ साली ते मुंबईस आले, कर्ज काढून विद्यालयास प्रशस्त इमारत बांधली, कर्ज फिटेना, आणि १९२४ साली ती इमारत लिलावात गेली. जलशांस गर्दी होत होती. कमी पडला तो दरमहा न चुकता येणारा पैसा. १९४८-४९ च्या सुमारास संस्थाने विलीन झाली, १९७१ साली राजांचे तनखेही बंद झाले, आणि राजाची जागा कोणी घ्यावी हा प्रश्न आपल्या दारात येऊन बसला.

मोठ्या उद्योगांनी ती जागा काही अंशी घेतली आहे. १९६९ साली जे. आर. डी. टाटा व जमशेद भाभा यांनी स्थापिलेले आणि आज मुंबईत नरिमन पॉइंटवर उभे असलेले नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स सर्वांस ठाऊकच आहे. आम्हांस अधिक विचार करावयास लावते ते कलकत्त्याचे उदाहरण. तेथे आय. टी. सी. कंपनीने संगीत संशोधन अकादमी काढली. गुरूस राहावयास घर, शिष्यास विद्यावेतन, आणि शिक्षण एकत्र राहून, जुन्या गुरुकुलाच्या धर्तीवर. आमच्या महाराष्ट्राचे निवृत्तीबुवा सरनाईक तेथे गुरू होते; पुढे पं. उल्हास कशाळकरही तेथे गेले. एका रात्रीच्या दिव्यांवर खर्च होणारा पैसा गुरूच्या चुलीस लावला, हे आम्हांस फार आवडते. आता ही कंपनी वाढली ती विड्या-सिगारेटींच्या धंद्यातील सिगारेटींवर, हेही सांगितले पाहिजे. गळ्याचा घात करणाऱ्या वस्तूच्या नफ्यातून गळ्याची जोपासना व्हावी, यातील विसंगती आम्हांस अद्याप बोचते. २००३ च्या कायद्याने तंबाखूच्या मालाची जाहिरात आणि त्या मालाच्या नावाने समारंभांस पैसा पुरविणे यांस बंदी आली, हे बरेच झाले. पैसा कोठून आला हे विचारू नये असे म्हणणारे स्नेही आम्हांस आहेत. आम्ही विचारावे या मताचे आहो.

परंतु दान देणारा आणि घेणारा यांपलीकडचे नाते पाहावयाचे असेल तर किर्लोस्करवाडीकडे पाहावे. लक्ष्मणराव किर्लोस्कर तरुणपणी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकावयास गेले होते. रंगांची पारख डोळ्यांस होईना म्हणून ती सोडून ते यंत्रांच्या आराखड्यांकडे वळले. औंधच्या राजेसाहेबांनी, जे स्वतः चित्रकार होते, दिलेल्या माळावर १९१० साली त्यांनी नांगरांचा कारखाना वसविला. १९२० साली कारखान्याची बातमी गिऱ्हाइकांस कळावी म्हणून 'किर्लोस्कर खबर' नावाचे पत्र निघाले. शंकरराव किर्लोस्करांच्या हाती त्याचे मासिक झाले. १९३० साली 'स्त्री' आणि १९३४ साली 'मनोहर' त्याच्या जोडीस आले. नांगर विकावयास निघालेल्या कागदावर मराठी कथाकारांस आणि चित्रकारांस काम मिळाले, व मासिकामुळे कारखान्याचे नाव नांगर न वापरणाऱ्या घरांतही पोहोचले. येथे कोणी कोणावर उपकार केला हे सांगता येत नाही, आणि म्हणूनच ते नाते टिकाऊ झाले.

आता कायद्याविषयी. २०१३ च्या कंपनी कायद्याचे १३५ वे कलम १ एप्रिल २०१४ पासून लागू आहे. ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये वा त्याहून अधिक असेल, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे निदान २ टक्के लोकोपयोगी कार्यास लाविले पाहिजेत. त्या कार्यांच्या यादीत कला, संस्कृती, सार्वजनिक वाचनालये आणि पारंपरिक हस्तकला यांचा समावेश आहे, आणि कंपनीच्या आसपासच्या प्रदेशास अग्रक्रम द्यावा असेही सांगितले आहे. मौज अशी की, मालाच्या जाहिरातीकरिता केलेले प्रायोजन यात धरले जात नाही, असे २०२१ च्या नियमांत स्पष्ट झाले. शास्त्रकारांचा दान-क्रयभेद सरकारासही पटला म्हणावयाचा!

हा पैसा लहान मंडळांपर्यंत मात्र सहसा पोहोचत नाही. तो घेणारी संस्था नोंदलेली हवी, प्राप्तिकराच्या सवलतीचे दाखले हवेत, तीन वर्षांच्या कामाचा पुरावा हवा. आमच्या मंडळाजवळ काय होते? एक फाटकी वही, आणि तीत "चहा, किरकोळ" या सदराखाली मांडलेला बराचसा खर्च. कंपन्यांस दोष देण्यापूर्वी आम्ही ती वही पुन्हा एकदा चाळली आणि गप्प बसलो.

अखेर आम्ही गेलो ते बाजारपेठेतील एका धान्याच्या अडत्याकडे. वरचा कायदा त्यांस लागू नाही. त्यांचा धंदा तेवढा मोठा नव्हे. त्यांच्या सौभाग्यवती माहेरी असता पेटी शिकल्या होत्या, हे आम्हांस ठाऊक होते, आणि भेटीची वेळ आम्ही त्या घरी असतील अशीच निवडली, हे कबूल करतो. आम्ही देणगी मागितली नाही. त्यांच्याजवळ जे पडून आहे ते मागितले: कोठाराची वरची माडी मंगळवारी व शुक्रवारी दोन तास, त्यांचे दिवाणजी महिन्यातून एक रविवार, आणि तबल्याच्या शिक्षकाचे वेतन, तेही तीन वर्षे, लेखी. अडते विचारात पडले. "एकदाच रक्कम नेली असतीत तर मोकळा झालो असतो," असे ते म्हणाले. "म्हणूनच मास्तर तशी नेत नाहीत," असे उत्तर आतून आले.

मोबदला म्हणून पत्रिकेवर त्यांच्या पेढीचे नाव एका ओळीत छापावयाचे, आणि दसऱ्यास हमाल व त्यांच्या कुटुंबियांकरिता बाजाराच्या आवारातच गाणे करावयाचे, असे ठरले. पहिल्या वर्षी आम्ही भीत भीत ख्यालाने आरंभ केला. अर्ध्या तासाने एक वृद्ध हमाल उठून नम्रपणे म्हणाले, "आता एखादा अभंग होऊ द्या." तो झाला, आणि मागून टाळ कोठून आले ते आम्हांस कळलेच नाही. या वर्षी त्यांतील दोघांची मुले वर्गात दाखल झाली आहेत. दिवाणजींनी वहीतील "किरकोळ" हे सदर खोडून टाकले, आणि नोंदणीचे कागद आता धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीत आहेत. तंबोऱ्याची जवारी काढून आणण्यास मिरजेस जावयाचे होते, तो खर्चही अडत्यांच्या मालमोटारीने वाचविला.

गिरणीवाल्याच्या मुलीचा कायदा पुरा झाला. आता ती रेल्याच्या मागे लागली आहे. अडचण एकच उरली. खालच्या कोठारात लाल मिरच्यांची पोती येऊन पडली की माडीवर गाणाऱ्यांस शिंका येतात, आणि षड्ज लावता लावता सर्व वर्ग रुमाल शोधू लागतो. अडत्यांनी पुढील हंगामापासून मिरची पलीकडच्या गाळ्यात उतरविण्याचे वचन दिले आहे. ते मात्र आम्ही लेखी घ्यावयास विसरलो.